सनरूफची काच फुटली आहे? आधी स्विचला हात लावू नका

रत्नागिरीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांची छोटी इलेक्ट्रिक गाडी, वरच्या व्हेरिअंटमधली, सरकणाऱ्या सनरूफची. रात्री घराशेजारी आंब्याखाली लावली होती. सकाळी पाहतात तर सनरूफच्या काचेचा चुरा सीटवर, डॅशबोर्डवर, सगळीकडे. पावसाळा तोंडावर. सर्व्हिस सेंटर म्हणतं पूर्ण असेंब्ली (काच, रूळ, मोटर सगळं) बदलावी लागेल, गावातला एक जण म्हणतो अ‍ॅक्रिलिकची शीट कापून बसवून देतो. गाडी चालवत कोल्हापूरला न्यावी का, चार्जिंगला लावावी का आणि विम्याचा क्लेम करावा का, हे तीन प्रश्न.

मी गाड्यांच्या काचा बसवण्याच्या धंद्यात बरीच वर्षं आहे. तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण जास्तीत जास्त नुकसान तिथेच होतं. सनरूफचा स्विच दाबू नका. काच फुटली की माणसाचा हात आपसूक स्विचकडे जातो, उरलेली फ्रेम बंद होते का ते बघायला. त्या वेळी काचेचे दाणे दोन्ही बाजूंच्या रुळांत पडलेले असतात. त्या रुळांतूनच मोटरच्या केबली आणि प्लास्टिकच्या सरक्या धावतात. मोटर फिरली की दाणे सरक्यांखाली सापडतात, रुळाला चरे पडतात, सरकी तुटते. मग जिथे नुसती काच बदलून भागलं असतं तिथे खरोखरच पूर्ण असेंब्ली लागते. तुमच्याकडून स्विच आधीच दाबला गेला असेल तर मेकॅनिकला तसं सांगा, तो रूळ नीट तपासेल.

हल्ली आवाजावर चालणारी सनरूफं आली आहेत. गाडीत मुलं असली की हसतखेळत कुणीतरी हुकूम सोडतो आणि गाडी इमानदारीने पाळते. काही गाड्यांत किल्लीच्या बटणावरूनही सनरूफ हलतं. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सनरूफचा फ्यूज कुठला ते बघा आणि तो काढून ठेवा. हा साधा १२ व्होल्टचा फ्यूज असतो. इलेक्ट्रिक गाडी म्हणून घाबरायचं कारण नाही. मोठ्या बॅटरीच्या, नारिंगी आवरणाच्या वायरींना मात्र हात लावायचा नाही, आणि या कामात त्यांच्याजवळ जायची वेळही येत नाही.

आता काच अशी का फुटली ते. सरकणाऱ्या सनरूफची काच बहुतेक वेळा टफन असते. पुढच्या विंडशील्डसारखी लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली, नसते. टफन काच साधारण सव्वासहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटक्यात थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि आतला गाभा ताणाखाली. या दाबामुळेच ती साध्या काचेच्या कितीतरी पट मजबूत होते, आणि आतल्या ताणामुळे एका जागी खोल इजा झाली की सगळी काच एकदम दाण्यादाण्यांनी मोकळी होते. विंडशील्डसारखं तिला रेझिन भरून दुरुस्त करता येत नाही, कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. सपाट भागावर ती बराच मार सोसते, पण कडेला नाजूक असते. कडेला बारीकसा टवका उडालेला असेल तर काच महिनोन्‌महिने तशीच टिकते आणि एखाद्या दिवशी ऊन, गार पाऊस किंवा खड्ड्याचा हादरा यांचं निमित्त होऊन जाते. नुसत्या उन्हाने धड टफन काच फुटत नाही.

आणखी एक कारण आहे. काच बनताना निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण आत राहून गेला असेल तर तो काळाच्या ओघात किंचित फुगतो आणि बाहेरून काहीही न लागता काच फुटते. हे घडतं, पण क्वचित. तुमच्याकडे आंब्याची फांदी, वाऱ्यावर आलेला नारळ आणि वानरं हे संशयित आधी तपासायचे. छताच्या पत्र्यावर पोचा आहे का, फ्रेमच्या रंगाला ओरखडा आहे का, जवळपास फांदी पडली आहे का ते बघा. काहीही आवरण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: लांबून गाडी आणि झाड एकत्र, मग छत, मग आतला चुरा, आणि काचेचा शिक्का असलेला तुकडा सापडला तर तोही. तो तुकडा पिशवीत घालून ठेवा. शिक्क्यावरून काच कुणाची, कुठल्या मानकाची ते कळतं, आणि विम्याचा सर्व्हेअर आला की उपयोगी पडतो.

फोटो झाले की साफसफाई. हातात जाड मोजे, डोळ्यांना चष्मा. या दाण्यांना धारदार कडा कमी असतात हे खरं, तरी त्यांच्याबरोबर पडणारी काचेची भुकटी डोळ्याला आणि त्वचेला वाईट. फ्रेमला लटकलेले तुकडे आधी बाहेरच्या बाजूने काढा, आत चादर अंथरून. मग ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम. कापडाने सीट पुसू नका, दाणे कापडात रुततात. हवेचं प्रेशर तर सुरुवातीला मारूच नका. गॅरेजमधली पोरं सवयीने हवा मारतात आणि सीटवरचा चुरा रुळांत, एसीच्या जाळ्यांत आणि बेल्टच्या कुलपात जाऊन बसतो. डॅशबोर्डवर काचेच्या पायथ्याशी डीफॉगरची फट असते, तिथला चुरा व्हॅक्यूमच्या बारीक नळीने निघाल्याशिवाय ब्लोअर लावू नका. पहिल्यांदा लावाल तेव्हा खिडक्या उघड्या, वेग कमी आणि तोंड बाजूला. मुलांची सीट असेल तर तिचं कव्हर सोडवून धुवा, तिच्या घडीत दाणे हमखास सापडतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून झटका.

तात्पुरतं झाकण घालायचं तर जाड प्लास्टिकचा कागद घ्या, फुटलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठा. तो बाहेरून पसरून रंगकामाच्या मास्किंग टेपने चिकटवा. पुढच्या कडेला टेपचे दोन-तीन थर द्या, कारण वारा तिथूनच शिरतो. खोक्यांची तपकिरी टेप थेट रंगावर लावू नका, उन्हात तिचा गोंद रंगाला धरून बसतो. टेप रबरावर नको, पत्र्यावर हवी. आणि कुणी सिलिकॉन किंवा पीयू (काच चिकटवायचा पॉलियुरेथेनचा मसाला) भरून कायमचं बंद करून देतो म्हणाला तर नको म्हणा. ते नंतर खरवडून काढताना फ्रेमही जाते.

ही काळजी सनरूफच्या रचनेमुळे घ्यावी लागते. सनरूफ म्हणजे रबरामुळे पाणी अडवणारं झाकण असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रबर बरंचसं पाणी अडवतं आणि उरलेलं त्याच्याखालच्या पन्हाळीत उतरतं. पन्हाळीच्या चार कोपऱ्यांना नळ्या असतात. पुढच्या दोन विंडशील्डच्या बाजूच्या खांबांतून आणि मागच्या दोन मागच्या खांबांतून खाली जातात आणि पाणी बाहेर सोडतात. काच फुटली की याच नळ्यांच्या तोंडाशी दाणे अडकतात. नवी काच बसते, सगळं छान दिसतं आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी छताच्या कापडावरून पायाशी उतरतं. लोक मग काचेला नावं ठेवतात. म्हणून काम करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा की नळ्या साफ करून पाणी सोडून दाखवणार का. तो प्रश्न ऐकून बुचकळ्यात पडला तर दुसरीकडे जा.

इलेक्ट्रिक गाडीत पाणी आत आलं तर काय होतं, ही तुमची खरी भीती दिसते. मोठी बॅटरी फरशीच्या खाली, गाडीच्या बाहेरच्या अंगाला बंद पेटीत असते आणि ती पाणी-धुळीपासून बंदिस्त केलेली असते. छतातून आलेलं पाणी तिच्यापर्यंत सहसा जात नाही. ते जातं गालिच्याखालच्या फोममध्ये आणि तिथे दिवसेंदिवस राहतं. पुढच्या सीटांखाली एअरबॅग आणि बेल्टचे पिवळे कनेक्टर असतात, पुष्कळ गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल युनिटही मधल्या कन्सोलखाली फरशीवर असतो. १२ व्होल्टची ही सगळी मंडळी गंजली की डॅशबोर्डवर भलभलते दिवे लागतात, आणि इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची बाजू रुसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. तेव्हा गालिचा वरून कोरडा दिसला तरी कडेने उचलून खाली हात घाला. फोम ओला असेल तर सीट सोडवून गालिचा उचलूनच वाळवावा लागतो. खिडक्या उघड्या ठेवून कोकणातल्या पावसाळी हवेत तो वाळत नाही, बुरशी धरते.

चार्जिंगचं उत्तर त्यातच आहे. आत पाणी गेलेलं नसेल, डॅशबोर्डवर इशारा नसेल, तर चार्जिंगला लावायला हरकत नाही. चार्जिंग पोर्टचा आणि छताचा संबंध नाही. केबिनमध्ये पाणी साठलं असेल किंवा कुठलाही अनोळखी दिवा लागला असेल तर मात्र चार्ज करू नका, आधी कंपनीच्या माणसाला दाखवा.

कोल्हापूरला चालवत नेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पावसात नको. आंबा घाटातून जायचं म्हणजे धुकं, वारा, मध्येच सर. प्लास्टिकचं झाकण ताशी ४०-५० किलोमीटरपर्यंत तग धरतं. त्यापुढे छतावरून जाणारा वारा ते वर खेचतो, आतले राहिलेले दाणेही त्याच्याबरोबर उडतात. गावातल्या गावात, कोरड्या दिवशी, हळू चालवा. लांबचं काम टोइंगवर. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच मागा. या वर्गातल्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांची पुढची चाकं मोटरला जोडलेली असतात, ती जमिनीवर फिरवत ओढायची नसतात. फ्लॅटबेडवर चढवतानाही झाकण पुन्हा तपासा, ट्रकवर उंचावर वारा जास्त लागतो.

आता पूर्ण असेंब्ली की नुसती काच. सनरूफची काच फ्रेमसकट एक पॅनल म्हणून येते. तिच्या कडेला रबर किंवा पीयूची किनार साच्यातच ओतलेली असते, आणि पॅनल दोन्ही बाजूंना स्क्रूंनी यंत्रणेच्या हातांना बसवलेलं असतं. रूळ, केबली, मोटर शाबूत असतील तर पॅनल बदलून काम होतं आणि छताचं कापड उतरवायचीही गरज पडत नाही. पूर्ण असेंब्लीला मात्र ते उतरवावं लागतं, आणि दारांच्या वरच्या कडेने पडदा एअरबॅग असेल तर १२ व्होल्टची बॅटरी सोडवून, पुस्तिकेत दिलेला वेळ थांबूनच हात घालायचा असतो. मेहनत आणि खर्च दोन्ही कैक पट. म्हणून सर्व्हिस सेंटरला सरळ विचारा: रूळ आणि सरक्या तपासल्या का, त्यांच्यात काय खराब आहे, ते दाखवा. 'कंपनी पॅनल वेगळं देत नाही' असं म्हणत असतील तर पार्ट नंबरसह लेखी घ्या. काही मॉडेलना खरंच वेगळं पॅनल मिळत नाही, काहींना मिळतं पण मागवायचा कंटाळा असतो.

गाडी कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून एक फरक सांगून ठेवतो. पंच ईव्हीच्या किंवा एक्सयूव्ही ४०० च्या वरच्या व्हेरिअंटमधलं सनरूफ सरकणारं आहे, त्याला वरचं सगळं लागू. एमजी विंडसरच्या वरच्या व्हेरिअंटसारखं न उघडणारं काचेचं छत वेगळं. ते विंडशील्डसारखं पीयूने पत्र्याला चिकटवलेलं असतं. तिथे रूळ नाहीत, मोटर नाही, पण जुना पीयू कापणं, प्रायमर लावणं आणि नवा पीयू पक्का होईपर्यंत गाडी न हलवणं हे सगळं आलं. पीयू हवेतल्या ओलाव्यावर पक्का होतो, त्यामुळे पावसाळी दमटपणा त्याला चालतो. चिकटवायची जागा मात्र ठणठणीत कोरडी हवी, म्हणजे काम छपराखालीच.

अ‍ॅक्रिलिकच्या शीटचा प्रस्ताव स्वस्त आहे म्हणून मोह होणार. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेच्या सात-आठ पट जास्त वाढतं. पाऊण-एक मीटर लांबीची शीट सकाळच्या आणि भर दुपारच्या तापमानातल्या फरकाने दोन-अडीच मिलिमीटर लांबते-आखडते. काच त्याच फरकात अर्धा मिलिमीटरही हलत नाही. त्या खेचाखेचीत स्क्रूपाशी तडे जातात, किनार सुटते. अपघातात ती काय करेल याची कुणीही खात्री दिलेली नसते. 'काच कापून बसवतो' म्हणणारा तर त्याहून धोक्याचा. टफन काच कापताच येत नाही, म्हणजे तो साधी काच डोक्यावर बसवणार. नवी काच घेताना शिक्का बघा. भारतात वाहनांच्या सुरक्षा काचेचं मानक आयएस २५५३, भाग २ आहे. शिक्क्यात आयएसआय किंवा युरोपीय ई-चिन्ह, आणि काच बनवणाऱ्याचं नाव हवं. चाकणला सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना आहे, आसाही इंडियाही गाडी कंपन्यांना काचा पुरवते. मूळ पुरवठादाराची काच मिळाली तर उत्तम, पण ती फक्त काच आहे की किनार आणि बसवणीच्या पट्ट्यांसकट पॅनल, ते विचारा. उघडी काच आणून जुन्या फ्रेमवर चिकटवण्याचे उद्योग माझ्या मते करू नयेत.

विम्याकडे येऊ. सर्वंकष पॉलिसीत काच येते, आणि काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, झीरो डेप (घसारा माफ करणारं अ‍ॅड-ऑन) नसलं तरीही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र झीरो डेप नसेल तर ५० टक्के कापतात, आणि दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर १५ टक्के. म्हणजे नुसत्या पॅनलमध्ये तुमच्या खिशातून कमी जातं, पूर्ण असेंब्लीत जास्त. शिवाय प्रत्येक क्लेमला ठरावीक रक्कम तुमची, जिला गॅरेजमध्ये फाइल चार्ज म्हणतात.

खरा हिशोब नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा. समजा तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, बोनस वजा करण्याआधी, १२,००० रुपये आहे आणि आजवर क्लेम नाही. सध्या २५ टक्के सूट मिळत असेल, क्लेम न केल्यास पुढे ३५, ४५, ५० अशी चढेल आणि मग ५० वरच राहील. क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५. दोन्ही रांगा शेजारी मांडा: पहिल्या वर्षी ४,२०० चा फरक, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रत्येकी ३,००० चा, मग १,८००, मग ६००. पाच वर्षांत १२,६०० रुपये. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. बिल यापेक्षा बरंच मोठं असेल तर क्लेम करा. आसपास असेल तर खिशातून भरा आणि बोनस राखा. पॉलिसीत बोनस राखण्याचं अ‍ॅड-ऑन असेल तर विचारच करू नका, करा क्लेम.

क्लेममध्ये घटना जशी दिसली तशीच लिहा: रात्री झाडाखाली लावली, सकाळी काच फुटलेली आढळली, अमुक खुणा आहेत. पॉलिसी बाहेरून झालेल्या अपघाती नुकसानीची भरपाई देते, त्यामुळे 'आपोआप फुटली' असा निष्कर्ष स्वतः काढून लिहिलात तर वाद वाढतो. तितकंच, रस्त्यावर दगड लागला अशी गोष्टही रचू नका. सर्व्हेअरला उभ्या गाडीचा चुरा आणि धावत्या गाडीचा चुरा यांतला फरक कळतो. कळवायला उशीर नको, आणि त्यांनी पाहण्याआधी किंवा फोटोवर मंजुरी देण्याआधी काम सुरू करू नका. झाकण घालण्याला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. गाडी भिजू दिलीत तर पुढचं नुकसान तुमच्या अंगावर येऊ शकतं.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. बोट फिरवून बघा: पॅनल छताशी सपाट हवं, पुढची कड किंचित खाली चालेल, वर आलेली नको, नाहीतर वेगात शिट्टी वाजते. पेट्रोल गाडीत ती इंजिनाच्या आवाजात लपली असती, तुमच्या गाडीत लपणार नाही. मोटरला नव्या पॅनलची शेवटची जागा शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत स्विच बंदच्या बाजूला काही सेकंद धरून ठेवला की सनरूफ स्वतःच एक फेरी मारतं. ते झालं नसेल तर एका स्पर्शात बंद होणं आणि बोट सापडल्यास मागे जाणं, दोन्ही नीट चालत नाहीत. कागदाची गुंडाळी कडेला धरून ते तपासा, बोट घालून नको.

मग पाणी. प्रेशरची फवारणी नको, साधी नळी. सनरूफ उघडून पन्हाळीच्या प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूच ओता आणि गाडीखाली ते कुठून बाहेर येतं ते बघा. चारही ठिकाणांहून आलं पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात ते थबकलं तर तिथे दाणे आहेत. नळीत तार खुपसू नका, नळी आत सांध्यापाशी सुटते. व्हॅक्यूमने वरून ओढा किंवा मऊ नायलॉनची दोरी घाला. नंतर बंद करून दहा मिनिटं वरून पाणी सोडा आणि आत छताच्या कापडाच्या कडा, खांबांची पायथ्याकडची बाजू, पुढच्या पायपुसण्यांखाली हात लावून पाहा. हे सगळं पैसे देण्याआधी, आणि बिलावर पॅनलचा पार्ट नंबर, नळ्यांची सफाई आणि पाणी-चाचणी वेगवेगळी लिहून घ्या. आंब्याखालीच गाडी लावणं भाग असेल तर दर मे महिन्यात हीच पेलाभर पाण्याची चाचणी घरी करा. मोहोर आणि पालापाचोळाही त्याच नळ्या तुंबवतो.